एकांकिकेसाठी मेकअप किट कमी खर्चात कसं बनवायचं? खोटं रक्त, जखमा, दाढी-मिशी आणि त्वचेची काळजी

एकांकिका स्पर्धा, कॉलेजचं गॅदरिंग, गणेशोत्सवातलं नाटक किंवा मित्रांनी मिळून केलेली शॉर्ट फिल्म. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. नेपथ्य, प्रकाश, कपडे यांचा हिशोब झाला की मेकअपसाठी उरतात ते चार पैसे. मग कुणाची तरी लिपस्टिक, कुणाच्या तरी आईची पावडर आणि ऐनवेळी आणलेला लाल रंग यावर काम भागवलं जातं.

त्याचा परिणाम कधी मजेशीर होतो, कधी त्रासदायक. ऐन भावनिक प्रसंगात मिशी सुटते आणि प्रेक्षक हसतात. रक्त लाल शाईसारखं दिसतं. प्रयोग संपल्यावर नटाच्या गालावर पुरळ उठतं. यातल्या बहुतेक गोष्टी पैसे कमी होते म्हणून घडत नाहीत. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे आधी ठरवलेलं नसतं म्हणून घडतात.

म्हणूनच या लेखात पाहूया, रंगमंचासाठी आणि साध्या स्पेशल इफेक्टसाठी लागणारं किट कसं जमवायचं, कोणत्या वस्तू घरी बनवता येतात आणि कोणत्या वस्तूंपासून लांबच राहायचं.

रंगभूषा आणि स्पेशल इफेक्ट मेकअप यात फरक काय?

रंगभूषेचं मुख्य काम म्हणजे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही नटाचा चेहरा वाचता यावा. रंगमंचावरच्या प्रखर प्रकाशात चेहरा सपाट दिसतो. डोळे, भुवया, नाक, ओठ ठळक करावे लागतात. त्याच्या जोडीला पात्राचं वय, स्वभाव, परिस्थिती दाखवायची असते.

स्पेशल इफेक्ट मेकअपमध्ये जखम, भाजलेली त्वचा, व्रण, सूज, वाढलेलं नाक अशा गोष्टी येतात. इथे रंगाबरोबर उंचवटे आणि खोलगट भागही तयार करावे लागतात. त्यासाठी मेण, जिलेटिन, लेटेक्स असे पदार्थ वापरतात.

महाराष्ट्राला रंगभूषेची परंपरा नवी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो. पुढे बालगंधर्वांसारख्या पुरुष नटांनी स्त्रीभूमिका अजरामर केल्या. 'तो मी नव्हेच' हे आचार्य अत्र्यांचं नाटक १९६२ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच वेगवेगळ्या रूपांत दिसायचे. कोकणातले दशावतारी कलाकार तर आजही आरशासमोर बसून आपला चेहरा आपणच रंगवतात.

स्वस्त साहित्यातून मोठं काम होतं, याचं उदाहरण हॉलिवूडमध्येही आहे. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटातल्या राक्षसाचं ते प्रसिद्ध कपाळ जॅक पिअर्स यांनी कापूस आणि कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचे थर देऊन घडवलं होतं. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) मधल्या शॉवरच्या प्रसंगातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं. चित्रपट कृष्णधवल होता, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता. गरज नेमकी काय आहे हे कळलं की साहित्य स्वस्तात मिळतं, हे यातून दिसतं.

खरेदीआधी हे तीन प्रश्न विचारा

१. प्रेक्षक किती लांब आहेत?
मोठ्या नाट्यगृहात बारीक ओरखडे दिसतच नाहीत. तिथे जखमेचा आकार आणि रंग ठळक हवा. याउलट कॅमेऱ्यासमोर किंवा छोट्या प्रायोगिक जागेत जखमेच्या कडा उघड्या पडतात. पथनाट्यात तर प्रेक्षक दोन हातांवर असतो, वर दिवसाचा उजेड असतो.

२. प्रकाश कोणत्या रंगाचा आहे?
हा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. लाल प्रकाशात लाल रंग विरून जातो. म्हणजे खुनाच्या प्रसंगाला दिग्दर्शकाने लाल लाइट ठेवला असेल, तर तुमचं रक्त प्रेक्षकाला दिसणारच नाही. हिरव्या किंवा निळ्या प्रकाशात तेच रक्त काळपट दिसतं. पिवळसर प्रकाशात जखमेतली पिवळी छटा हरवते. त्यामुळे रक्त बनवण्याआधी प्रकाशयोजना करणाऱ्याशी बोला.

३. किती नट, किती प्रयोग आणि वेळ किती?
एका प्रयोगासाठी लागणारं किट आणि प्राथमिक फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत टिकणारं किट वेगळं असतं. स्पर्धेत मागच्या संघाचं नाटक संपल्यावर तुमच्या हातात थोडीच मिनिटं असतात. जी जखम करायला ४० मिनिटं लागतात, ती नाटकाच्या मध्यात विंगेत करता येत नाही.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

वस्तूंचे दर शहरानुसार आणि ब्रँडनुसार बरेच बदलतात. त्यामुळे रकमेपेक्षा प्राधान्यक्रम लक्षात ठेवा. साधा नियम असा: जे त्वचेवर तासन्‌तास राहणार आहे, ते चांगलं घ्या. जे फक्त हातात धरायचं आहे, ते स्वस्त चालेल.

समजा तुमच्याकडे १०० रुपये आहेत. त्यातले साधारण ६० रुपये बेस, रंग आणि चिकटवण्याच्या द्रवासाठी ठेवा. २० रुपये स्वच्छतेसाठी आणि मेकअप काढण्यासाठी, १० रुपये ब्रश-स्पंजसाठी आणि उरलेले १० रक्त-जखमांच्या साहित्यासाठी. बहुतेक संघ याच्या उलट करतात. रक्तावर खर्च होतो आणि मेकअप काढायला साबणाची वडी पुढे केली जाते.

खरेदी एकाच दुकानात होत नाही, हेही ध्यानात घ्या.

- मेडिकल स्टोअर: ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, कापूस, गॉज, कागदी चिकटपट्टी, स्पिरिट
- केकचं साहित्य मिळणारं दुकान: खायचे रंग, लिक्विड ग्लुकोज, जिलेटिन, कोको पावडर
- कॉस्मेटिकचं दुकान: फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, काजळ, आयशॅडो
- नाटकाचं किंवा व्यावसायिक मेकअपचं साहित्य विकणारं दुकान: पॅनकेक, पॅनस्टिक, स्पिरिट गम, क्रेप हेअर, लेटेक्स

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि पुण्यात तुळशीबाग ही कॉस्मेटिकसाठी नेहमीची ठिकाणं आहेत. फक्त तिथे सुटं, लेबल नसलेलं साहित्य घेऊ नका. त्याचं कारण पुढे येईलच.

मूळ किटमध्ये काय हवं?

आठ-दहा जणांच्या संघाला पुरेल असं हे किट आहे.

- पॅनकेक किंवा पॅनस्टिक, तीन छटांमध्ये: उजळ, मध्यम आणि गडद. या तिन्हींच्या मिश्रणातून बहुतेक नटांच्या त्वचेच्या जवळ जाता येतं. पॅनकेक ओल्या स्पंजने लावतात, पॅनस्टिक तेलकट असते. 'पॅनकेक' हे नाव मुळात मॅक्स फॅक्टर कंपनीच्या एका उत्पादनाचं. आता ते सगळ्याच ब्रँडसाठी वापरलं जातं.
- क्रीम रंगांचा छोटा पॅलेट: लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा. हे पाच रंग असतील तर मार लागल्याच्या खुणांसाठी वेगळा महागडा पॅलेट लागत नाही.
- मरून लिपस्टिक: ओठ, गाल, ताजी जखम, रडून लाल झालेले डोळे. एकाच वस्तूत चार कामं.
- तपकिरी आणि काळी काजळ पेन्सिल: भुवया, सुरकुत्या, रेखाटलेली मिशी.
- तपकिरी मॅट आयशॅडो: सावल्यांसाठी. चमक असलेली घेऊ नका, दिव्याखाली सावली चमकते आणि सगळा परिणाम जातो.
- पावडर: क्रीम बेस पक्का करायला. पफने दाबून लावा, घासू नका.
- स्पिरिट गम आणि तो काढण्याचा द्रव: दोन्ही एकत्रच घ्या.
- स्पंज: गुळगुळीत स्पंज बेससाठी. खरखरीत स्पंज खरचटल्याच्या खुणा आणि दाढीचे खुंट दाखवायला. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा खरखरीत तुकडा कापून घेतला तरी चालतो. मात्र त्यावर रंग घेऊन हलकेच टिपायचं, त्वचेवर घासायचं नाही.
- ब्रश: दोन बारीक, दोन चपटे, एक पावडरचा. चित्रकलेचे नवे ब्रशही चालतात.
- स्टीलची छोटी ताटली आणि आइस्क्रीमच्या काड्या: रंग डबीतून काढून ताटलीत घेण्यासाठी.

हे सगळं ठेवायला मेकअपची खास पेटी लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला खणांचा प्लास्टिक टूलबॉक्स पुरतो. झाकणाच्या आत यादी चिकटवा. प्रयोगानंतर काय संपलं ते तिथेच लिहा.

खोटं रक्त घरी कसं बनवायचं?

परदेशी कृतींमध्ये कॉर्न सिरप असतं. आपल्याकडे त्याऐवजी केकच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज वापरता येतं. तेही नसेल तर साखरेचा घट्ट पाक.

कृती अशी: पाव चमचा कोको पावडर दोन चमचे कोमट पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. त्यात अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज घाला. मग खायचा लाल रंग चिमटीचिमटीने मिसळा. शेवटी टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच निळा रंग.

कोको आणि निळा रंग कशासाठी? नुसता लाल रंग गुलाबी सरबतासारखा दिसतो. खरं रक्त गडद आणि थोडं तपकिरीकडे झुकणारं असतं. कोकोमुळे ते अपारदर्शकही होतं. वाहतं रक्त हवं असेल तर पाणी वाढवा, साकळलेलं हवं असेल तर कोको वाढवा.

तीन गोष्टी विसरू नका.

पहिली, तोंडात घ्यायचं रक्त फक्त खाण्याच्या पदार्थांचंच हवं आणि ते त्याच दिवशी बनवलेलं हवं. रंगाच्या पाकिटावर अन्नासाठी असल्याचा उल्लेख आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहा. सुट्या पुडीतला भडक गुलाबी रंग घेऊ नका. ऱ्होडामाइन बीसारखे रंग कपड्यांसाठी असतात, अन्नात त्यांना परवानगी नाही.

दुसरी, खायचा रंग कपड्यांवर डाग सोडतो. भाड्याने आणलेल्या कपड्यावर तो लागला तर डिपॉझिट जाण्याची शक्यता मोठी. आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर थेंब टाका, सुकू द्या, धुऊन पाहा. जे रक्त तोंडात जाणार नाही, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब मिसळले तर डाग निघायला मदत होते. अशा बाटलीवर 'तोंडात घेऊ नये' असं मोठ्या अक्षरात लिहा.

तिसरी, ग्लुकोज चिकट आणि निसरडं असतं. रंगमंचावर सांडलं तर पुढच्या प्रवेशात कुणीतरी घसरू शकतं. पुसायचा ओला कपडा विंगेत ठेवा आणि तो कोण पुसणार, हे तालमीतच ठरवा.

जखम कशी तयार करायची?

मेणासारखं मिश्रण: पेट्रोलियम जेलीत थोडा थोडा मैदा घालून कणकेसारखा गोळा बनवा. रंगासाठी नटाच्याच छटेचं फाउंडेशन किंवा किंचित कोको मिसळा. त्वचेवर गोळ्याचा लांबट उंचवटा लावा, कडा बोटाने पसरवून त्वचेशी एकजीव करा. काडीने मध्ये चीर पाडा. चिरेत मरून लिपस्टिक, तिच्या आत काळ्या रंगाची बारीक रेघ आणि वरून एक थेंब रक्त. प्रेक्षागृहातून हा घाव चांगला उठून दिसतो. मात्र हे मिश्रण तेलकट असतं, जास्त हालचाल होणाऱ्या जागी टिकत नाही. कपाळ किंवा दंड चालेल, तोंडाचा कोपरा चालणार नाही.

जिलेटिन: जिलेटिन पावडर, ग्लिसरीन आणि गरम पाणी समप्रमाणात घ्या. दहा मिनिटं भिजू द्या. मग गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवा, उकळू नका. तेलाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटलीवर ओता आणि कडा पातळ ठेवा. गार झाल्यावर त्याचा लवचिक तुकडा निघतो. तो स्पिरिट गमने चिकटवा, कडा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने विरघळवून त्वचेत मिळवा.

काही जण गरम जिलेटिन थेट त्वचेवर ओततात. ते करू नका. ते चिकटतं आणि चटका बसला तरी पटकन निघत नाही. शिवाय प्रखर दिवे आणि घाम यामुळे जिलेटिन मऊ पडतं. मे महिन्यातल्या खुल्या रंगमंचावर त्याच्या भरवशावर राहू नका.

अजून एक मुद्दा. जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. नट शाकाहारी असेल तर आधी सांगा, विचारा. चायना ग्रास हा शाकाहारी पर्याय आहे. त्याचा तुकडा कमी लवचिक होतो आणि लवकर तुटतो, पण न हलणाऱ्या जागेसाठी चालून जातो.

लिक्विड लेटेक्स: टिश्यू पेपरचे थर आणि लेटेक्स यातून भाजलेली किंवा सोललेली त्वचा फार छान दाखवता येते. पण दोन अडचणी आहेत. त्यात अमोनिया असतो, त्यामुळे डोळ्यांजवळ ते नको. दुसरं म्हणजे काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते. फुगे किंवा रबरी हातमोजे वापरल्यावर खाज सुटते का, हे नटाला विचारा. उत्तर 'हो' असेल तर लेटेक्स बाजूला ठेवा. भुवया, पापण्या, दाढी, हातावरची लव यावर ते लावलं तर काढताना केस उपटले जातात.

मार लागल्याची खूण किती जुनी?

इथे पैसे लागत नाहीत, निरीक्षण लागतं. मार बसल्याबरोबर त्वचा लाल होते. एक-दोन दिवसांत ती निळी-जांभळी दिसते. आठवड्याभरात कडांना हिरवट छटा येते, मग पिवळट-तपकिरी होऊन खूण विरते.

हे नाटकात उपयोगी पडतं. घरगुती हिंसाचारावरच्या एकांकिकेत बाईच्या दंडावर एक ताजी लाल आणि एक जुनी पिवळसर खूण दाखवली, तर हे पहिल्यांदा घडलेलं नाही, हे संवादाशिवाय प्रेक्षकाला कळतं. खुणेची कड मात्र कधीच रेघेसारखी ठेवू नका. खरखरीत स्पंजने टिपत टिपत ती विरवत न्या.

विशीतल्या नटाला साठीचं कसं करायचं?

बहुतेक गॅदरिंगमध्ये म्हातारपण म्हणजे काळ्या पेन्सिलच्या चार रेघा आणि डोक्यावर टाल्कम पावडर. रेघा लांबून मिशांसारख्या दिसतात आणि पावडर प्रत्येक संवादाला उडते.

त्याऐवजी नटाला कपाळाला आठ्या घालायला सांगा, हसायला सांगा. चेहऱ्यावर ज्या घड्या आपोआप पडतात, तिथेच तपकिरी सावली लावा. प्रत्येक सावलीच्या कडेला बेसपेक्षा उजळ छटेची बारीक रेघ द्या. सावली आणि उजळपणा शेजारी आले की घडी खोल वाटते. गालफडं, कानशिलं, डोळ्यांखालचा भाग आणि मान यावरही हलकी सावली द्या. हात विसरू नका. चेहरा साठीचा आणि हात विशीचे, हे पुढच्या रांगेला लगेच कळतं.

केसांसाठी पांढरा क्रीम रंग किंवा पॅनकेक जुन्या टूथब्रशवर घेऊन कानशिलापासून मागे फिरवा. पांढराशुभ्र रंग दिव्याखाली निळसर दिसतो, म्हणून त्यात किंचित पिवळा मिसळा.

दाढी-मिशी सुटू नये म्हणून

जाळीवर विणलेली तयार मिशी महाग वाटते. पण ती नीट साफ करून ठेवली तर अनेक प्रयोग चालते. क्रेप हेअर त्यापेक्षा स्वस्त पडतात. ते वेणीसारखे वळलेले मिळतात. वाफेवर किंवा ओल्या कपड्यात धरून आधी सरळ करा. लावताना हनुवटीखालून सुरुवात करून वरच्या दिशेने थर द्या, म्हणजे वरचे केस खालच्यांवर नैसर्गिकपणे पडतात.

मिशी सुटण्याची कारणं दोनच: त्वचेवरचं तेल आणि घाई. जिथे स्पिरिट गम लावायचा ती जागा आधी कोरडी आणि तेलविरहित करा, तिथे बेस लावू नका. गम लावल्यावर तो थोडा चिकट होईपर्यंत थांबा, मग मिशी दाबा. नटाला मिशीसकट मोठ्याने संवाद म्हणायला लावा.

स्पिरिट गममध्ये अल्कोहोल असतं, म्हणजे तो पेट घेऊ शकतो. रंगपटात नटराजपूजनाचं निरांजन आणि उदबत्ती जिथे असेल, तिथे त्याची बाटली उघडू नका.

त्वचेचा रंग: एक सवय सोडायला हवी

हौशी नाटकांत दोन गोष्टी सर्रास दिसतात. एक म्हणजे सगळ्यांना सरसकट गोरं करणं. दुसरी म्हणजे गरीब, कष्टकरी किंवा आदिवासी पात्र आलं की नटाचा चेहरा काळा रंगवणं.

पहिल्या सवयीमुळे चेहरा मानेपेक्षा वेगळा, राखाडी दिसतो. बेस निवडताना छटा मनगटावर पाहू नका, जबड्याच्या कडेला लावून पाहा. तिथे ती विरून गेली तर छटा बरोबर. दुसरी सवय तांत्रिक चुकीपेक्षा गंभीर आहे. गरिबीला विशिष्ट रंग असतो, असं ती प्रेक्षकांना सांगते. कष्ट दाखवायचे असतील तर उन्हाने रापलेलं नाक आणि गालफडं, फुटलेले ओठ, नखांतली माती, घामाचे ओघळ दाखवा. घामासाठी ग्लिसरीन आणि पाण्याचं मिश्रण स्प्रेने मारलं तर ते बराच वेळ टिकतं. ही खरी रंगभूषा आहे आणि तिला खर्चही जवळजवळ नाही.

काय अजिबात वापरायचं नाही?

- झटपट चिकटणारा गोंद: यात सायनोॲक्रिलेट असतं. कापसाला लागल्यावर ते इतकं तापतं की त्वचा भाजू शकते. मिशी किंवा नखं चिकटवायला तो कधीच नको. लाकूड-कागदाचा पांढरा गोंदही त्वचेसाठी बनवलेला नसतो.
- पोस्टर कलर, ऑइल पेंट, ॲक्रिलिक, रंगपंचमीचे रंग: यातला एकही चेहऱ्यावर तासभर राहण्यासाठी बनवलेला नाही.
- शेंदूर, हिंगूळ, मुर्दाडशिंग: जुन्या काळी रंगभूषेत यांचा वापर व्हायचा. पारंपरिक शेंदूर आणि मुर्दाडशिंग ही शिशाची संयुगं आहेत, हिंगूळ पाऱ्याचं. ही दोन्ही द्रव्यं शरीरात साठतात. जर्मन ऑपेरा गायक लुडविग लाइखनर यांनी एकोणिसाव्या शतकात शिसंविरहित रंग बनवले, ते याच धोक्यामुळे. भारतातही सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्याने मनाई आहे.
- हस्तकलेची चमकी: प्लास्टिकचे ते धारदार कण डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. डोळ्यांजवळ फक्त त्यासाठी बनवलेलीच चमकी वापरा.

सुटं साहित्य टाळायचं ते यासाठीच. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली हवी. हे नसेल तर त्यात काय आहे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

पॅच टेस्ट: फुकट आणि सर्वांत महत्त्वाची

प्रत्येक नवी वस्तू प्रत्येक नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावा. २४ तास वाट पाहा. लालसरपणा, खाज किंवा पुरळ दिसलं तर ती वस्तू त्या नटासाठी बाद. ही चाचणी प्रयोगाच्या आदल्या रात्री करू नका. किमान आठवडाभर आधी करा, म्हणजे पर्याय शोधायला वेळ राहतो.

लहान मुलांच्या नाटकात लेटेक्स आणि स्पिरिट गम दोन्ही टाळा. मुलांना त्रास झाला तरी बरेचदा ती स्टेजच्या भीतीने सांगत नाहीत. पेन्सिलने रेखाटलेली मिशी त्यांना शोभते आणि प्रेक्षकही ती आनंदाने स्वीकारतात.

स्वच्छता आणि मेकअप काढणं

एकच काजळ आणि एकच स्पंज दहा जणांनी वापरला तर डोळे येण्यापासून त्वचेच्या संसर्गापर्यंत काहीही पसरू शकतं. यावर उपाय सोपे आहेत.

- प्रत्येक नटाला त्याचा स्वतःचा स्पंज द्या, त्यावर नाव लिहा.
- काजळ आणि मस्कारा ज्याचं त्याने आणायचं.
- रंग डबीतून काडीने ताटलीत काढा, ब्रश थेट डबीत बुडवू नका.
- ताटली आणि काजळ सोडून बाकी पेन्सिलींची टोकं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या.
- ब्रश शाम्पूने धुवा आणि आडवे ठेवून वाळवा.
- चेहऱ्यावर खरी जखम, पिकलेली पुटकुळी किंवा आलेले डोळे असतील तर त्या जागी मेकअप नको.

काढताना साबणाने खसाखसा घासू नका. तेलकट मेकअप तेलानेच सुटतो. खोबरेल तेल बोटांनी हलकेच फिरवा, कापसाने पुसा, मग सौम्य फेसवॉशने धुवा. स्पिरिट गमची कड त्याच्या द्रवाने आधी सैल करा, मगच मिशी उचला. ओढून काढली तर त्वचेचा वरचा थर सोलला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला तिथे काहीच लावता येत नाही.

प्रयोगाच्या दिवशी क्रम कसा ठेवायचा?

१. चेहरा धुऊन कोरडा करा. उकाडा असेल तर बर्फ कपड्यात गुंडाळून फिरवा.
२. चिकटवायचे तुकडे आणि दाढी-मिशी आधी लावा.
३. बेस, मग सावल्या आणि उजळ भाग.
४. पावडर दाबा.
५. डोळे, भुवया, ओठ.
६. कपडे घालून झाल्यावरच रक्त.

रंगीत तालमीत प्रत्येक नटाला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजा. मग एकाने शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि प्रत्यक्ष दिव्यांखाली चेहरे पाहा. फोनवर फोटो काढा, तोच पुढच्या प्रयोगाला नमुना म्हणून कामाला येतो.

आणि पथनाट्य किंवा रस्त्यावरचं शूटिंग असेल तर आजूबाजूच्या दुकानदारांना, रहिवाशांना आणि गरज असेल तिथे पोलिसांना आधी कल्पना द्या. रक्ताने माखलेला तरुण रिक्षाला हात करताना दिसला, तर लोक त्याला थेट दवाखान्यात नेतील. तुमची रंगभूषा जमली याची ती पावती असेल, पण शूटिंगचा दिवस वाया जाईल.